नवीन पीसीसाठी पीएसयू (पॉवर सप्लाय, वीज पुरवणारा डबा) कुठला? (जुना ५५० वॅटचा फुकट मिळतोय)

रिकामी_कॅबिनेट
मंडळी, पहिल्यांदाच स्वतः पीसी जोडतेय, प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या. बाकी सगळं ठरलंय: रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० सुपर ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी आणि जुन्या मशीनमधल्या दोन हार्ड डिस्क (त्यात दहा वर्षांचे फोटो आहेत, टाकवत नाहीत). गाडी अडलीय ती पीएसयूवर. एका ऑनलाईन कॅल्क्युलेटरमध्ये सगळं भरलं तर तो ४३० वॅट सांगतो, ग्राफिक्स कार्डाच्या पानावर ६५० लिहिलंय, ऑफिसातला एक जण म्हणतो हजारच्या खाली बघूच नकोस, आणि मामेभाऊ म्हणतो माझा जुना ५५० चा माळ्यावर पडलाय तो घेऊन जा, एकदम चालू आहे. बजेट सगळं कार्डाने खाल्लंय त्यामुळे माझं मन फुकटाकडे झुकतंय हे आधीच कबूल करते. लागतात ४३०, आहेत ५५०, मग अडतंय कुठे?

पेचकस
अडतंय ते स्टिकरवर. पीएसयूच्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला असतो, तो जसाच्या तसा इथे टाईप कर. +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते मला हवंय. ५५० हा आकडा सांगू नकोस, तो कळला.

एक_हजार_वॅट
हजार घे. एकदाच घे आणि विसरून जा. उद्या मोठं कार्ड टाकलंस तर परत सगळ्या वायरी उपसायला नकोत. मी तेच केलं, दोन वर्षं झाली, काही त्रास नाही.

पेचकस
@एक_हजार_वॅट, तुमच्याकडे कार्ड कुठलं आहे?

एक_हजार_वॅट
४०६०. पण मुद्दा तो नाहीये.

रिकामी_कॅबिनेट
हाहा. बरं, आत्ताच पुसून बघितला. तक्ता असा आहे:
+३.३ व्ही – २८ ए
+५ व्ही – ३० ए
+१२ व्ही – २४ ए
-१२ व्ही – ०.५ ए
+५ व्हीएसबी – २ ए
आणि खाली ठळक अक्षरात "मॅक्स ५५० वॅट". ८० प्लस वगैरे काहीही लिहिलेलं नाही. मागे सॉकेटच्या शेजारी एक लाल बटण आहे, इकडे-तिकडे सरकतं, एका बाजूला ११५ आणि दुसऱ्या बाजूला २३०. हे कशासाठी असतं? माझ्या सध्याच्या मशीनला असलं काही नाही.

पेचकस
पहिलं म्हणजे त्या लाल बटणाला हात लावू नकोस. त्यावर आपले बारा_व्होल्ट_आजोबा बोलतील, ते येईपर्यंत मी गणित मांडतो.

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १२ गुणिले २४ म्हणजे २८८. पाचचे १५०. सव्वातीनच्या वरचे ते ९२. वजा बाराचे ६ आणि स्टँडबायचे (ते +५ व्हीएसबी) १०. आता सगळ्यांची बेरीज कर, ५४६ येते, वर थोडं ओढून ५५० छापलं की झालं काम. म्हणजे कंपनी अगदी खोटं बोललेली नाही, फक्त प्रत्येक लाईनची कमाल मर्यादा उचलून एकावर एक रचलीय, आणि तेवढी सगळी एका वेळी ओढली तर हा डबा टिकेल का यावर मी तरी पैज लावणार नाही.

खरी गंमत पुढे आहे. आजच्या पीसीत जवळजवळ सगळं १२ व्होल्टवर चालतं. सीपीयू १२ वर, ग्राफिक्स कार्ड १२ वर, पंखे १२ वर. ५ आणि ३.३ वर उरतं काय तर एसएसडी, यूएसबी, हार्ड डिस्कचं सर्किट, थोडी चिल्लर. म्हणजे तुझ्यासाठी हा ५५० चा पीएसयू नाहीच, २८८ चा आहे. तुझा प्रोसेसर जास्तीत जास्त १६२ वॅट ओढू शकतो (१२० हा टीडीपी, म्हणजे कंपनीने जाहीर केलेला आकडा, सॉकेटची मर्यादा १६२, गेम खेळताना तो त्याच्या निम्म्यातही भागवतो हा भाग वेगळा) आणि कार्ड २२०. दोघांचेच ३८२ झाले. पंखे, डिस्क अजून धरलेच नाहीत.

चांगल्या पीएसयूचा तक्ता बघ म्हणजे फरक कळेल. ७५० वॅटच्या बऱ्याच पीएसयूंवर १२ व्होल्टसमोर ६२.५ ए लिहिलेलं असतं, गुणाकार कर, बरोब्बर ७५०. अख्खी ताकद १२ वर, कारण ५ आणि ३.३ हे आत त्याच १२ मधून डीसी टू डीसी करून काढतात.

रिकामी_कॅबिनेट
बापरे. म्हणजे मी २८८ वॅटवर ४०७० सुपर चालवणार होते.

बारा_व्होल्ट_आजोबा
नमस्कार. उशिरा आलो, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून स्क्रीनसमोर फार बसू देत नाहीत. सौ. पेचकस यांनी, चुकलो, श्री. पेचकस यांनी गणित बरोबर मांडलंय, मी फक्त ते तसं का हे सांगतो.

१९९५ साली एटीएक्स (पीसीच्या बोर्ड-पीएसयूचं स्टँडर्ड) आलं तेव्हा प्रोसेसरला वीज ५ आणि ३.३ व्होल्टवरून मिळायची, १२ व्होल्ट म्हणजे डिस्कची मोटर आणि पंखा, बस्स. पेंटियम ४ आला आणि त्याची भूक इतकी वाढली की ५ व्होल्टवर तेवढी वीज न्यायची तर अँपिअर फार होतात आणि तारा गरम होतात, म्हणून २००० च्या सुमारास १२ व्होल्टचा वेगळा चार पिनचा कनेक्टर दिला. जुने लोक त्याला अजून पी४ कनेक्टर म्हणतात. तुमच्या मामेभावाचा डबा कधीचाही असो, त्याची रचना त्या आधीच्या विचाराची आहे, ५ वर ३० अँपिअर आज कुणाला लागतात?

आता लाल बटण. आधुनिक पीएसयूत अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं, ते १०० ते २४० व्होल्ट काहीही आलं तरी आपलं आपण जुळवून घेतं. जुन्यात ते नव्हतं. बटण ११५ वर असलं की आतलं सर्किट डबलर (व्होल्टेज दुप्पट करणारं) म्हणून काम करतं आणि आतले दोन मोठे कपॅसिटर प्रत्येकी मेन्सच्या शिखरापर्यंत चार्ज होतात. मेन्स ११५ असेल तर ते शिखर १६३ च्या आसपास, कपॅसिटर २०० व्होल्टचे, सगळं ठीक. पण बटण ११५ वर आणि भिंतीत २३० असेल तर त्याच २०० व्होल्टच्या कपॅसिटरवर ३२५ येतात. मी दुकान चालवायचो तेव्हा एक गृहस्थ मशीन घेऊन आले, "नुसतं पुसलं हो, बाकी काही केलं नाही" म्हणाले. पुसताना फडक्याने बटण सरकलं होतं. मीही न बघता प्लग लावला. असा बार उडाला की शेजारचा टेलर पळत आला, आणि खोलीभर ती चांदीची कागदी पट्टी कापसासारखी उडत होती. मासळी कुजल्यासारखा वास तीन दिवस गेला नाही. त्या दिवसापासून मी कुठल्याही पीएसयूचा आधी मागचा भाग बघतो, मग माणसाशी बोलतो.

पेचकस
सौ. केलंत मला आजोबा, चालेल :)

रिकामी_कॅबिनेट
आजोबा, दंडवत. डबा परत माळ्यावर गेला. आता विकतच घ्यायचा तर ६५०, ७५०, ८५० यातलं काय? आणि कॅल्क्युलेटर ४३० म्हणतो तर ६५० तरी का?

पेचकस
कॅल्क्युलेटर सरासरी सांगतो आणि ग्राफिक्स कार्ड सरासरीने जगत नाही. २२० वॅटचं कार्ड म्हणजे ते एकसारखं २२० ओढतं असं नाही, क्षणभर त्याच्या दीडपट दुप्पट उसळी मारतं आणि लगेच खाली येतं. मिलिसेकंदाहून कमी वेळाचा खेळ, तुझ्या भिंतीवरच्या मीटरला कळतही नाही. पण पीएसयूतल्या संरक्षणाला कळतं. २०२० मध्ये ३०८० आणि ३०९० ही कार्डं आली तेव्हा लोकांचे चांगले चांगले ७५० वॅटचे पीएसयू गेमच्या मध्येच टक्कन बंद पडायला लागले. सगळे म्हणाले कमी पडला, पण तो कमी पडला नव्हता, उसळी बघून त्याला शॉर्ट झाल्यासारखं वाटलं आणि त्याने इमानदारीत मशीन बंद केलं.

त्यातूनच पुढे २०२२ मध्ये एटीएक्स ३.० आलं. त्यात नियमच घातला की असा पीएसयू १०० मायक्रोसेकंदांपर्यंत स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट उसळी झेलेल, बंद न पडता. म्हणजे ६५० चा एटीएक्स ३.० क्षणभर १३०० पर्यंत तग धरतो. म्हणून म्हणतो वॅट वाढवत बसण्यापेक्षा एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलं बघ. तुझ्या मशीनला चांगला ६५० पुरतो. मी ७५० घेईन, कारण पंखा शांत राहील आणि पुढच्या कार्डाला जागा राहील. ८५० घेतलास तर पाप नाही. हजार घेतलास तर मात्र मी काही बोलणार नाही, फक्त @एक_हजार_वॅट यांच्याकडे बघेन.

एक_हजार_वॅट
बघा की. एक मात्र स्पष्ट करतो, लोकांचा गैरसमज असतो की हजारचा पीएसयू म्हणजे बिल हजारचं. तसं नसतं, मशीनला लागेल तेवढंच तो ओढतो.

पेचकस
हे बरोबर, यावर वाद नाही. पण तुमचं मशीन नुसतं ब्राउझर उघडून बसलं असेल तेव्हा ६० वॅट लागतात, म्हणजे हजारच्या ६ टक्के. एवढ्या खाली कुठलाच पीएसयू धड कार्यक्षम नसतो, आणि ८० प्लसवाले (ब्रॉन्झ, गोल्ड असे कार्यक्षमतेचे बिल्ले देणारे) तिथे मोजतही नाहीत. ते २०, ५० आणि १०० टक्के लोडवर मोजतात, फक्त टायटॅनियमला १० टक्क्यांवर मोजतात. पीसीचा निम्मा जन्म आयडलमध्येच जातो.

मागच्या_बाकावरची
मला हे ब्रॉन्झ गोल्डचं कधीच कळलं नाही. गोल्ड म्हणजे चांगला आणि ब्रॉन्झ म्हणजे टाकाऊ का? माझा ब्रॉन्झ आहे, आता भीती वाटतेय.

पेचकस
नाही हो. ८० प्लस २००४ पासून आहे आणि ते एकच गोष्ट सांगतं, भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया न जाता आत पोचते. गोल्डला निम्म्या लोडवर ९० टक्के लागतात, ब्रॉन्झला ८५ (११५ व्होल्टच्या चाचणीतले आकडे आहेत हे). उरलेलं उष्णतेत जातं. हिशोब करून बघा, मशीन आत ४०० वॅट घेतंय तर ब्रॉन्झ भिंतीतून ४७० घेईल, गोल्ड ४४४. फरक २६ वॅटचा. रोज चार तास असं धरलं तर वर्षाला ३८ युनिट. यासाठी कुणी रडू नये.

पण गोल्डचा बिल्ला असलेला पीएसयू शॉर्ट झाल्यावर वेळेत बंद होईल का, १२ व्होल्ट स्वच्छ देईल का, हे त्या बिल्ल्यात कुठेच नाही. चांगला ब्रॉन्झ हा रद्दी गोल्डपेक्षा केव्हाही बरा. कंपन्या गोल्डमध्ये सहसा सामानही बरं घालतात म्हणून लोकांनी दोन्ही एकच धरलंय इतकंच.

आवाज_नको
माझा मुद्दा कुणी मांडत नाहीये म्हणून मांडतो. आवाज!! सगळे वॅट वॅट करतात आणि मग रात्री पीसी घोंघावतो तेव्हा कूलर बदलत बसतात. सायबेनेटिक्स नावाची संस्था पीएसयूच्या आवाजाला वेगळी श्रेणी देते, लॅम्डा म्हणतात तिला, ए++ म्हणजे सरासरी १५ डेसिबलच्या खाली, ए+ म्हणजे १५ ते २०. मी आता खरेदी करताना आधी तीच बघतो मग वॅट. दुसरं, झिरो आरपीएम किंवा हायब्रिड मोड लिहिलेलं असेल तर लोड कमी असताना पंखा फिरतच नाही. तिसरं, पीएसयू कॅबिनेटच्या तळाशी असेल आणि खाली जाळी असेल तर पंखा खाली तोंड करून बसवा म्हणजे बाहेरची गार हवा घेईल, गालिच्यावर ठेवत असाल तर मात्र वर तोंड करा.

मागच्या_बाकावरची
मग माझा ब्रॉन्झ राहू दे. वाखु (वाचनखूण) साठवली.

बारा_व्होल्ट_आजोबा
स्वच्छ वीज म्हणजे काय ते कुणी विचारलं नाही पण सांगतो. १२ व्होल्टला वर-खाली पाच टक्के मुभा आहे, म्हणजे ११.४ ते १२.६. मल्टिमीटरवर एवढं दिसतं. पण त्या सरळ रेषेवर बारीक थरथर असते, रिपल, ती मल्टिमीटरला दिसत नाही, ऑसिलोस्कोप लागतो. १२ वर १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ वर ५० ही मर्यादा. चांगल्यात ती २०-३० च्या घरात असते. ही थरथर शोषायचं काम कपॅसिटर करतात आणि ते म्हातारे झाले की सगळ्यात आधी हेच बिघडतं. मशीन चालतं, पण उगाच अधूनमधून अडखळतं, आणि माणूस विंडोज परत टाकत बसतो.

म्हणून जाहिरातीत "१०५ डिग्री कपॅसिटर" लिहितात ते उगाच नाही. ढोबळ नियम असा की तापमान १० अंश उतरलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दुप्पट. ८५ डिग्रीवाला आणि १०५ वाला एकाच उकाड्यात शेजारी बसवले तर १०५ वाला चौपट जगतो असं समजा. आणि वॉरंटी बघा. जी कंपनी दहा वर्षं लिहून देते तिने कपॅसिटर कुठले घातलेत हे तिला माहीत असतं.

नावावर जाऊ नका एवढंच अजून. कॉर्सेअरसारख्या कितीतरी कंपन्या पीएसयू स्वतः बनवत नाहीत, सीडब्ल्यूटी, ग्रेट वॉल असल्या कारखान्यांकडून करून घेतात. सीसॉनिक स्वतःही विकते आणि दुसऱ्यांनाही बनवून देते. एकाच नावाखाली एक मालिका उत्तम आणि दुसरी सुमार असू शकते, त्यामुळे कंपनी चांगली आहे का हा प्रश्नच चुकीचा, मॉडेल चांगलं आहे का हे विचारा आणि आतून उघडून मोजमाप केलेला रिव्ह्यू वाचा. डब्यावरच्या लाईटची स्तुती करणारा नको.

रिकामी_कॅबिनेट
यूपीएस आहे माझ्याकडे, जुनाच, तो चालेल ना? मामेभावाचा नाहीये :)

बारा_व्होल्ट_आजोबा
दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे त्यावर व्हीए लिहिलेलं असतं ते वॅट नव्हेत, वॅट कमी असतात, ते वेगळे लिहिलेले असतात ते बघा. ६०० व्हीएचा असेल तर गेम चालू असताना लाईट गेली की तोही जाईल. दुसरं म्हणजे स्वस्तातले यूपीएस बॅटरीवर गेले की साईन वेव्ह देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची लाट देतात, आणि काही अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्या पीएसयूंना ती मानवत नाही. लाईट गेली की यूपीएस असूनही मशीन बंद, असं झालं तर यूपीएसची बॅटरी बदलण्याआधी हे आठवा.

लाईट जाऊन यूपीएस बॅटरीवर येईपर्यंतच्या मधल्या वेळाचं काय तर पीएसयूतला मोठा कपॅसिटर साठा धरून असतो. जुना नियम पूर्ण लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंदांचा, आता पूर्ण लोडवर १२ आणि ८० टक्के लोडवर १७. यूपीएस सहसा १० च्या आत उडी मारतो. म्हणून जमतं. तिथेही काटकसर केलेला डबा असेल तर नाही जमत.

शेवटचा_स्क्रू
इतका वेळ गप्प वाचत होतो पण ताईंच्या फोटोंच्या डिस्क आहेत हे वाचलं आणि राहवलं नाही. माझी गोष्ट ऐका आणि मला हसू नका.

माझा मॉड्यूलर (केबल सुट्या करता येणारा) पीएसयू गेला, दुसरा मॉड्यूलर आणला. सगळ्या केबल मदरबोर्डच्या मागून ओढून, पट्ट्या बांधून, दोन संध्याकाळी घालवून अशा सुंदर बसवल्या होत्या की त्या उपसायचं जिवावर आलं. म्हटलं दोन्ही सहा पिनचेच सॉकेट आहेत, नवीन पीएसयूत जुन्याच साटा केबल (डिस्कला वीज देणाऱ्या) घालून बघू. अगदी मस्त बसल्या, टक् आवाजसुद्धा आला. बटण दाबलं. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला, आणि डिस्कच्या बाजूने एक बारीकसा निळसर धूर, अगरबत्ती विझवल्यावर येतो ना तेवढाच. दोन डिस्क गेल्या. पाच व्होल्टच्या तारेवर बारा व्होल्ट गेले होते.

केबलचं जे टोक डिस्कला लागतं त्याचं स्टँडर्ड आहे, पीएसयूच्या बाजूच्या टोकाचं नाहीच आहे!! ज्याला जशी वाटली तशी पिनांची मांडणी. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येसुद्धा वेगळी असू शकते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पुस्तिकेत होतं म्हणे.

रिकामी_कॅबिनेट
अरे देवा. हसले नाही हो, पोटात गोळा आला. मी अगदी हेच केलं असतं. डेटा गेला का सगळा?

शेवटचा_स्क्रू
एक परत आली. रिकव्हरीवाल्याने बघितलं तर डिस्कच्या सर्किटवर पाच व्होल्टच्या तोंडाशी एक छोटा डायोड असतो तो जळून शॉर्ट झाला होता, त्याने तो काढला आणि डिस्क फिरली. दुसरीचा बोर्डच गेला.

बारा_व्होल्ट_आजोबा
टीव्हीएस डायोड. तो त्याचसाठी असतो, जादा व्होल्ट आले की स्वतः मरून बाकीच्यांना वाचवतो. तो काढून डेटा निघतो पण मग ती डिस्क उघड्यावर पडल्यासारखी असते, डेटा काढायचा आणि तिला निवृत्त करायचं. आणि हे घरी चिमट्याने करू नका.

पेचकस
आणि डिस्कचाच विषय निघालाय तर मोलेक्स या जुन्या चार पिनच्या कनेक्टरवरून साटा करणारे ते स्वस्त जोड वापरू नका, विशेषतः ज्यांचं टोक प्लॅस्टिक ओतून बनवलेलं असतं ते. आत तारा एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की कालांतराने शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं आहेत. पीएसयूबरोबर आलेल्या साटा केबलच वापर, डिस्क दोनच आहेत.

आता तुझ्या कार्डाचा कनेक्टर. ४०७० सुपरला १६ पिनचा बारीक कनेक्टर असतो. २०२२ मध्ये ४०९० कार्डाचे जे कनेक्टर वितळले ते हेच. बऱ्याच ठिकाणी कारण सापडलं ते असं की प्लग पूर्ण आत बसलेला नव्हता, थोड्याच पिनांना नीट टेकला आणि ४५० वॅट त्यातून गेले. तुझं कार्ड २२० चं आहे त्यामुळे तेवढी धास्ती नको, तरी पूर्ण दाब, फट दिसता कामा नये, आणि प्लगपासून तीनचार सेंटीमीटर केबल सरळ राहू दे, लगेच वाकवून काचेच्या दारावर दाबू नकोस. एटीएक्स ३.१ मध्ये त्याच कनेक्टरची सुधारलेली आवृत्ती आहे, तिच्यात छोट्या सेन्स पिना आखूड केल्यात, अर्धवट बसला तर कार्डाला वीजच मिळू नये म्हणून.

पीएसयूतून थेट १६ पिनची केबल येत असेल तर उत्तम. कार्डाबरोबरचा अडॅप्टर वापरावा लागला तर त्याच्या दोन आठ-पिनांना दोन वेगळ्या केबल लाव, एकाच केबलला फुटलेली दोन तोंडं लावू नकोस.

रिकामी_कॅबिनेट
(आठ दिवसांनी)
घेतला! ७५० वॅट, एटीएक्स ३.१, गोल्ड, फुल मॉड्यूलर, स्टिकरवर १२ व्होल्टसमोर ६२.५ ए. दहा वर्षं वॉरंटी. लॅम्डा ए+, @आवाज_नको यांच्या कृपेने. काल रात्री जोडलं. सगळे दिवे लागले, पंखे फिरले, रॅम इंद्रधनुष्यासारखी चमकली, आणि स्क्रीन काळी. कितीही वेळ थांबलं तरी काळी. बोर्डाच्या कोपऱ्यात सीपीयू लिहिलेला एक बारीक लाल दिवा लागलाय. प्रोसेसर गेला का? रडायला येतंय.

पेचकस
मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बघ, हीटसिंकच्या मागे. आठ पिनचं रिकामं सॉकेट आहे का?

रिकामी_कॅबिनेट
आहे.

रिकामी_कॅबिनेट
दोन आहेत.

पेचकस
तिथे सीपीयूची वीज येते. २४ पिनची मोठी केबल लावली की सगळं झालं असं वाटतं, दिवे पंखे तिच्यावर चालतातही, पण प्रोसेसर उपाशी. दोनपैकी एक लावलं तरी तुझ्या प्रोसेसरला भरपूर. प्लग काढ, पीएसयूचं मागचं बटण बंद कर, आणि केबलवर सीपीयू लिहिलेलं बघूनच लाव. पीसीआयई लिहिलेली (ग्राफिक्स कार्डाची) आठ पिनचीच असते पण तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. प्लॅस्टिकचे चौकोन जुळत नाहीत त्यामुळे बसणार नाही, बसत नाही म्हणून जोर लावू नकोस एवढंच.

रिकामी_कॅबिनेट
आलाआआआ बायोस!!!! केबल मागून न्यायला जागाच नव्हती, कूलर उतरवावा लागला, करंगळी सोलवटली, पण आला! जोर लावला नाही हो, खरं सांगायचं तर आधी पीसीआयईवालीच लावून बघत होते, बसेना म्हणून वाचलं काय लिहिलंय ते.

रिकामी_कॅबिनेट
दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट: भिंतीला मीटर लावून मोजलं. नुसतं बसलेलं असताना ७५ च्या आसपास, गेममध्ये साडेतीनशेच्या आत-बाहेर. कॅल्क्युलेटरही अगदी वेडा नव्हता म्हणायचं. फोटोंच्या दोन्ही डिस्क दिसतायत, आणि आधी एक कॉपी काढून ठेवली, @शेवटचा_स्क्रू यांना स्मरून.

एक_हजार_वॅट
साडेतीनशे? मग माझं किती असेल?

पेचकस
त्याहून कमी.

एक_हजार_वॅट
मोजत नाही.

बारा_व्होल्ट_आजोबा
अभिनंदन. जुन्या डब्याचं काय केलंत? कुतूहल म्हणूनसुद्धा उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

रिकामी_कॅबिनेट
उघडला नाही. ई-कचऱ्यात द्यायला काढला होता तर मामेभाऊ आला आणि परत घेऊन गेला, म्हणाला तुला नको तर एका मित्राला देतो, तोही पीसी जोडतोय.

पेचकस
मित्राला या धाग्याची लिंक दे. नाहीतर भावाला सांग प्लगची वायर कापून दे म्हणावं. आणि हो, दोन दिवसांनी "पीएसयूचा पंखाच फिरत नाहीये, बिघडला का" म्हणून नवीन धागा काढू नकोस, झिरो आरपीएम आहे तो.

रिकामी_कॅबिनेट
तेच टाईप करत होते.